छोटा भीमच्या पात्रांवरून घरच्या घरी पत्त्यांचा खेळ कसा तयार करावा?

प्रश्न
विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आमच्या घरी सहाजण असतात: माझी साडेपाच वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, जाऊबाईंचा सात वर्षांचा मुलगा, सासूबाई, सासरे आणि मी. सांगलीचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. सकाळी अकरानंतर मुलांना अंगणातही सोडवत नाही, आणि एकदा टीव्ही सुरू झाला की तो बंद करण्याच्या वेळी रोज रडारड होते. म्हणून यंदा दुपारी सर्वांनी मिळून पत्ते खेळायचे असे मी ठरवले. मुलांना 'छोटा भीम' अतिशय आवडतो. ढोलकपूर, भीमचे लाडू, कालियाच्या कुरापती यांवरच त्यांचे दिवसभर बोलणे चालते. त्यामुळे त्याच पात्रांचे पत्ते हाती दिले तर मुले आपणहून बसतील असा माझा अंदाज होता.

वाढदिवसाला भेट आलेला कार्टूनच्या पत्त्यांचा एक तयार संच घरात होता, तो बाहेर काढला आणि दोन दुपारींत तो परत कपाटात गेला. त्या खेळात प्रत्येक पत्त्यावर एका पात्राचे चित्र आणि खाली ताकद, वेग, बुद्धी असे आकडे आहेत. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. थोरल्याने पहिल्याच दिवशी सगळे आकडे पाठ केले, त्यामुळे त्याला हरवणे कोणालाच शक्य होईना. धाकटीला अजून दोन अंकी संख्या वाचता येत नाहीत, म्हणून ती प्रत्येक वेळी पत्ता मला दाखवायची आणि मग सगळ्यांनाच तो दिसायचा. सासूबाईंनी विचारले, "एकीची बुद्धी सत्तर आणि दुसऱ्याची पासष्ट, हे मोजलं कुणी?" त्यावर आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. पत्त्यांवरची नावे बारीक आणि इंग्रजीत आहेत, सोबतची नियमांची चिठ्ठीही इंग्रजीतच आहे. सासऱ्यांचे हात थोडे कापतात, त्यामुळे त्यांना पाच-सहापेक्षा जास्त पत्ते धरून बसता येत नाही.

आता मुलांच्या मदतीने घरीच संच करावा असे मनात आहे. वाचता न येणारी मुलगी आणि मालिका कधीही न पाहिलेले आजी-आजोबा या दोघांनाही बरोबरीने खेळता येईल असा खेळ कोणता घ्यावा, पत्ते किती असावेत आणि ते कशावर करावेत, याबद्दल ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १
निवृत्त गणित शिक्षक (मिरज)

ताई, तयार संचातली अडचण आपण नेमकी सांगितली आहे. त्या पत्त्यांवरची चित्रे काढून तेथे मोटारगाड्या किंवा क्रिकेटपटू छापले तरी खेळात काडीचाही फरक पडणार नाही. म्हणजे ढोलकपूर फक्त कागदावर आहे, डावात नाही. पात्रांची एकमेकांशी असलेली नाती आणि त्यांचे स्वभाव हे डावाच्या नियमात उतरले पाहिजेत. तसे झाले तर मुलांना नियम पाठ करावे लागत नाहीत, कारण गोष्ट त्यांना आधीच माहीत असते, आणि आजीला गोष्ट माहीत नसली तरी खेळता खेळता ती समजत जाते.

आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपण पाहिली असेल. तिच्यात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहाचे पत्ते, असे एकूण १२० गोल पत्ते असतात. त्यातली मला सर्वांत आवडणारी बाब म्हणजे डाव दिवसा मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्याने सुरुवात करायची आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने. रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे ज्याला माहीत आहे त्याला तो नियम वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या संचातही असेच काही करता येईल.

माझी सूचना अशी आहे. मालिकेतली नऊ पात्रे घ्यावीत: भीम, चुटकी, राजू, जग्गू माकड, कालिया, ढोलू-भोलू ही जोडगोळी, राजा इंद्रवर्मा, राजकुमारी इंदुमती आणि लाडू विकणारी टुनटुन मावशी. प्रत्येकाचे चार पत्ते करावेत आणि ते सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र असे वेगळे ओळखता यावेत. सकाळच्या पत्त्यावर डोंगराआडून वर येणारा सूर्य, दुपारच्या पत्त्यावर डोक्यावरचा सूर्य, संध्याकाळच्या पत्त्यावर समई आणि रात्रीच्या पत्त्यावर चंद्रकोर. यात एकही अक्षर वाचावे लागत नाही. नऊ चोक छत्तीस पत्ते झाले, सहाजणांत ते प्रत्येकी सहा येतात, आणि दोघे, तिघे, चौघे किंवा सहाजण असले तरी सारखे वाटले जातात.

या ३६ पत्त्यांवर पहिला खेळ 'नॉट ॲट होम' खेळावा. हा खेळ आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी साध्या कॅटवर खेळलेला आहे. इंग्लंडमध्ये १८५१ च्या सुमारास जॉन जॅक्स यांच्या कंपनीने चार-चार जणांच्या कुटुंबांचा असाच एक पत्त्यांचा संच काढला होता, आणि ज्याच्याकडे मागितलेला पत्ता नाही त्याने "नॉट ॲट होम" म्हणजे "घरी नाही" असे म्हणण्याची रीत त्याच घराण्यातल्या खेळांची आहे. आपल्या घरी सरळ "घरी नाही" असेच म्हणावे. ज्याच्याकडे जग्गूचा निदान एक पत्ता आहे त्यालाच जग्गूचे बाकीचे पत्ते मागता येतात. तो एकाचे नाव घेऊन विचारतो, "आजोबा, तुमच्याकडे रात्रीचा जग्गू आहे का?" असला तर द्यावाच लागतो आणि विचारणाऱ्याला पुन्हा विचारता येते. नसला तर "घरी नाही" म्हणायचे आणि पाळी त्या नाही म्हणणाऱ्याकडे जाते. चारही पत्ते जमले की तो गट समोर उताणा मांडायचा. सुरुवात कोणी करायची, तर दुपारी खेळत असाल तर ज्याच्याकडे दुपारचा भीम आहे त्याने, आणि रात्री जेवणानंतर खेळत असाल तर ज्याच्याकडे रात्रीचा भीम आहे त्याने.

दुसरा खेळ गुलामचोर. यासाठी सदतिसावा एकच पत्ता जास्तीचा करावा, तो मंगलसिंह डाकूचा. सर्व पत्ते वाटून झाले की प्रत्येकाने आपल्या हातातल्या एकाच पात्राच्या जोड्या खाली टाकायच्या आणि मग शेजाऱ्याच्या हातातला एक पत्ता न पाहता ओढत जायचे. शेवटी ज्याच्याकडे डाकू उरेल तो चोर. हा खेळ लहान मुलीसाठी मुद्दाम सुचवतो आहे, कारण येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. शेवटी दोघेच उरले, एकाकडे एक पत्ता आणि दुसऱ्याकडे त्याचाच जोडीदार व डाकू असे असले, तर ओढण्याची पाळी ज्याच्या हाती एकच पत्ता आहे त्याची असते आणि त्याच्या सुटण्याची शक्यता तीनात दोन इतकी भरते. ती साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी आणि सत्तर वर्षांच्या आजोबांसाठी अगदी सारखीच असते. आपल्या थोरल्या मुलाला ही शक्यता स्वतः मोजून काढायला सांगावी. वीस-तीस वेळा फक्त हा शेवटचा टप्पा मांडून पाहिला तरी त्याला त्यातली गंमत कळेल.


उत्तर २
कुपवाडकर

मला वाटते इतका खटाटोप करण्याची गरज नाही. उनोचे पत्ते बाजारात मिळतात आणि मुलांच्या आवडत्या पात्रांची चित्रे असलेले त्याचे अनेक प्रकार निघालेले आहेत. आमच्या घरी सात वर्षांपासूनची मुले तो उत्तम खेळतात. रंगाला रंग किंवा आकड्याला आकडा लावायचा इतकेच असल्यामुळे वाचनाची अडचण येत नाही. मात्र मूळ संच १०८ पत्त्यांचा असल्यामुळे लहान मुलांना तो पिसता येत नाही आणि हातात पत्ते वाढत गेले की धरताही येत नाहीत, हे मान्य करावे लागेल. घरी संच करायचाच असेल तर जुन्या कॅटवर चिकट कागद लावून करावा, म्हणजे खर्चही होणार नाही.


उत्तर ३
छपाईवाला (सातारा)

माझा छपाईचा व्यवसाय आहे आणि माझ्या दोन मुलांसाठी मी असे तीन संच केले आहेत, त्यांपैकी पहिले दोन फसले. म्हणून फक्त करणीबद्दल लिहितो. खेळाबद्दल मिरजेच्या सरांनी लिहिले आहे ते मला पूर्ण पटते.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पत्त्याचा डावा वरचा कोपरा. पत्ते हातात पंख्यासारखे धरले की प्रत्येक पत्त्याची जेमतेम दीड सेंटिमीटरची पट्टीच डोळ्यांना दिसते. आपल्या तयार संचात चेहरा मधोमध आणि नाव तळाला आहे, म्हणजे पत्ते हातात घेतल्यावर खेळणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि म्हणूनच मुलगी एकेक पत्ता वर काढून दाखवत असणार. साध्या कॅटमध्ये 'बदाम सात' असे चिन्ह कोपऱ्यात का असते, ते मलाही पहिला संच फसल्यावरच उमगले. तेव्हा कोपऱ्यात पात्राचा लहान चेहरा आणि त्याखाली सूर्य, समई किंवा चंद्र काढावा. मधले मोठे चित्र मुलांनी हवे तसे रंगवावे. लहान मुले पंखा उलट्या बाजूनेही उघडतात, म्हणून चारही कोपऱ्यांत चिन्ह असलेले बरे. फक्त रंगावर ओळख ठेवू नये, कारण लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे लोक घरोघरी असतात आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात नारंगी व पिवळा हे सर्वांनाच सारखे दिसतात.

पत्त्याचा आकार ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच ठेवावा. त्या मापाचे नऊ पत्ते एका ए-फोर कागदावर तीन ओळींत बरोबर बसतात, म्हणजे आपले ३६ पत्ते चार कागदांत होतात. पाचवा कागद डाकूसाठी लागेल, त्यावर उरलेल्या आठ जागा कोऱ्या छापून घ्याव्यात. एखादा पत्ता हरवला, फाटला किंवा त्यावर सरबत सांडले, तर त्या कामी येतात. ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड कागद पुरेसा जाड असतो. मुलांनी चित्रे पांढऱ्या कागदावर काढावीत, ती स्कॅन करून घ्यावीत आणि लग्नपत्रिका किंवा डिजिटल प्रिंट करणाऱ्या कोणत्याही दुकानातून छापून आणावीत. कडक प्लास्टिकचे लॅमिनेशन कृपया करू नये. माझा दुसरा संच त्यानेच बिघडला. पत्ते इतके निसरडे आणि जाड झाले की पिसताना ते हातातून सगळ्या खोलीभर उडत. मॅट फिनिशचा पातळ थर द्यावा आणि कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते दुमडत नाहीत.

पाठीमागच्या बाजूला कडेची चौकट काढू नये. छपाई दोन मिलिमीटर सरकली तरी चौकटीमुळे ती लगेच दिसते आणि मग डाकू कोणता हे पाठीवरून ओळखता येते. गुलामचोरमध्ये तर असा एक दुमडलेला कोपराही सगळा डाव घालवतो. म्हणून पाठ सगळीकडे सारखी, गडद आणि बारीक ठिपक्यांची असावी. कुपवाडकरांनी सुचवल्याप्रमाणे जुन्या कॅटवर कागद चिकटवला तर पाठ आपोआप सारखी मिळते, परंतु पत्ते जाड होऊन ३७ पत्त्यांची थप्पी लहान मुलाच्या मुठीत मावत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगावीशी वाटते. 'छोटा भीम' ही हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनची आणि तिचे निर्माते राजीव चिलका यांची निर्मिती आहे. ती २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. घरच्या मुलांनी घरात खेळण्यासाठी स्वतःच्या हाताने चित्रे काढणे ही एक गोष्ट आहे, आणि संच छापून सोसायटीत किंवा शाळेच्या आनंदमेळ्यात विकणे ही दुसरी. माझ्याकडेही असे दोन ग्राहक आले होते, त्यांना मी नकार दिला. विकायचे असेल तर पात्रे स्वतःची निर्माण करावीत किंवा रीतसर परवानगी घ्यावी.


उत्तर ४
गावभागातील आजी (सांगली)

माझे वय अडुसष्ट आहे आणि हे उत्तर मी नातीकडून टंकून घेत आहे. सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा आम्ही नातेवाइकांच्या घरी वरच्या मजल्यावर राहिलो होतो. तीन कुटुंबे, सात मुले आणि पत्त्यांचा एकच कॅट. वीज नव्हती, त्यामुळे टीव्हीचा प्रश्नच नव्हता. मुले दिवसभर भिकार-सावकार आणि गुलामचोर खेळत होती. एरवी हसत खेळणारी मुले तेव्हा आधीच घाबरलेली होती. सहा वर्षांचा एक मुलगा सलग दोनदा चोर झाला आणि बाकीच्यांनी "चोर, चोर" म्हणून गलका केला, तेव्हा तो कोपऱ्यात जाऊन जो बसला तो रात्री जेवायलाही उठला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द खेळातून काढून टाकला. मोठ्यांना 'चोर' हा डावापुरता शब्द वाटतो, पण पाच वर्षांच्या लेकराला तो स्वतःला लागलेला वाटतो.

आपल्या खेळात तर उपाय हाताशीच आहे. नातीने मला ही मालिका दाखवली आहे. तिच्यात भीम डाकूला पकडतो, म्हणजे ज्याच्या हातात शेवटी डाकू राहिला त्याने तो पकडला असे म्हणावे. त्याने चोर नाही, राजा इंद्रवर्माचा शिपाई व्हावे. नियम तोच राहतो आणि पत्तेही तेच राहतात.

दुसरे, लाडवांविना भीमची गोष्ट होत नाही. लाडू खाल्ला की त्याला बळ येते, हे माझ्यासारखीलाही दोन भागांत कळले. तेव्हा डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या वाटीत पाच बेदाणे ठेवावेत, तेच आपले लाडू. आमच्याकडे तासगावचे बेदाणे बारा महिने असतात. 'घरी नाही' असे उत्तर आल्यावर एक बेदाणा खाऊन आणखी एकदा विचारण्याची मुभा द्यावी. आपला बेदाणा दुसऱ्या अडलेल्या खेळाडूला देण्याचीही मुभा असावी, कारण चुटकी आईच्या दुकानातले लाडू भीमला देते ते काही स्वतःच्या फायद्यासाठी नाही. आमच्या घरी या एका नियमाने मोठी मुले लहानांकडे पाहू लागली. त्याआधी ती फक्त स्वतःच्या पत्त्यांकडे पाहत.

हात कापणाऱ्यांसाठी आणि लहानांसाठी स्वयंपाकघरातला पाट घ्यावा. पाट कडेवर आडवा उभा करून आपल्या समोर ठेवला आणि त्याच्या आडोशाला पत्ते जमिनीवर एका ओळीत मांडले की ते धरावे लागत नाहीत आणि शेजाऱ्याला दिसतही नाहीत. माझ्या यजमानांना संधिवात होता. ते शेवटची चार वर्षे असेच खेळले.


विश्रामबागकर (मूळ प्रश्नकर्ती), सोळा दिवसांनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संच तयार झाला आणि गेले सहा दिवस आम्ही रोज खेळत आहोत, म्हणून काय घडले ते लिहिते.

चित्रे काढण्यातच पहिला आठवडा आनंदात गेला. थोरल्याने राजा आणि कालिया, पुतण्याने भीम, जग्गू आणि ढोलू-भोलू, आणि धाकटीने चुटकी, इंदुमती व टुनटुन मावशी अशी वाटणी मुलांनीच केली. राजू कोणी घ्यायचा यावर एकमत होईना, तेव्हा तो सासऱ्यांनी काढला. त्यांनी चाळीस वर्षांनी रंगाचा ब्रश हातात धरला. त्यांच्या राजूचे डोके थोडे वाकडे झाले आहे आणि तो पत्ता सगळ्यांना सर्वांत जास्त आवडतो. समई कशी दिसते हे मुलांना नीट आठवेना, म्हणून सासूबाईंनी देवघरातली समई आणून समोर ठेवली. छपाईवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यांत चिन्हे घातली, मॅट फिनिश केले, आणि आठ कोरे पत्तेही घेतले.

'घरी नाही' हा खेळ सर्वांत जास्त चालला. धाकटी दुसऱ्याच दिवशी न अडखळता विचारू लागली आणि आता जेवताना भाजी नको असली तरी "घरी नाही" म्हणते. सासूबाईंना मालिकेतले कोणीही ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की ढोलू-भोलू सतत कालियाच्याच मागे का असतात, आणि तिन्ही मुलांनी अर्धा तास त्यांना ते समजावून सांगितले. त्या अर्ध्या तासात पत्ते तसेच पडून राहिले, पण मला ते चालले. बेदाण्यांचा नियम अपेक्षेपेक्षा चांगला ठरला. एकदा धाकटीचे बेदाणे संपले होते आणि तिला संध्याकाळची चुटकी हवी होती. तेव्हा थोरल्याने काहीही न बोलता आपला शेवटचा बेदाणा तिच्या वाटीत टाकला आणि तो डाव स्वतः हरला. पाटाची युक्तीही उपयोगी पडली. सासरे आता शेवटपर्यंत बसतात.

अडचण आली ती डाकूच्या खेळात. आजींच्या सूचनेप्रमाणे आम्ही डाकू पकडणाऱ्याला शिपाई ठरवले आणि त्याचा मान म्हणून सर्वांना लाडू वाटण्याचे काम त्याच्याकडे दिले. पहिले दोन डाव छान झाले. तिसऱ्या डावापासून पुतण्या डाकू मुद्दाम हातात ठेवू लागला, कारण त्याला लाडू वाटायचे होते. शेजारी पत्ता ओढायला आला की तो डाकूचा पत्ता खाली दाबून धरतो आणि दुसरा वर काढतो. मग थोरलाही तसेच करू लागला आणि कोणालाच सुटायचे नसल्यामुळे डाव पुढे सरकेना. चोर हा शब्द मला परत आणायचा नाही. यावर काय करता येईल?

आणखी एक प्रश्न. शनिवारी जाऊबाईही खेळायला बसतात, तेव्हा आम्ही सातजण होतो. ३६ पत्ते सातजणांत सारखे येत नाहीत.


उत्तर
निवृत्त गणित शिक्षक (मिरज)

आजींचे म्हणणे मला पटले आहे. चोर हा शब्द मीच सुचवला होता, तो मागे घेतो. पण आपली अडचणही खरी आहे. शेवटी उरणाऱ्याला शिक्षा दिली तर मुले रडतात आणि बक्षीस दिले तर ती मुद्दाम उरतात. तेव्हा त्याला काम द्यावे, मान नको आणि अपमानही नको. ज्याच्याकडे डाकू उरेल त्याने पुढच्या डावाचे पत्ते पिसायचे आणि वाटायचे, इतकेच ठेवावे. आमच्या लहानपणी हरणाऱ्यानेच पत्ते पिसायचे अशी रीत होती आणि त्यावर कधी कोणी रडल्याचे मला आठवत नाही. लाडू वाटण्याचे काम सर्वांत आधी सुटणाऱ्याकडे द्यावे, म्हणजे सुटण्याची ओढही राहील. पत्ता दाबून धरण्यावर उपाय म्हणजे ओढण्याआधी हातातले पत्ते खाली पालथे ठेवून एकदा फिरवावेत आणि शेजाऱ्याने जमिनीवरूनच उचलावा. पाटामागे पत्ते मांडणाऱ्यांना तर हे सोपेच आहे.

सातजणांसाठी प्रत्येकाला चार पत्ते वाटावेत. अठ्ठावीस होतात आणि आठ उरतात. ते मधोमध पालथे ठेवावेत, तो टुनटुन मावशीच्या दुकानाचा गल्ला. 'घरी नाही' असे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याने गल्ल्यातला वरचा एक पत्ता उचलावा आणि मग पाळी पुढे द्यावी. चौघेच असताना नऊ-नऊ पत्ते हातात धरणे लहानांना जड जाते, तेव्हाही असेच पाच-पाच वाटून सोळा पत्ते गल्ल्यात ठेवता येतील.


विश्रामबागकर

सर, आज दुपारी दोन्ही करून पाहिले. गल्ल्यामुळे सातजणांचा डाव व्यवस्थित चालला. डाकू शेवटी जाऊबाईंकडे राहिला आणि त्या पत्ते पिसत असताना धाकटी त्यांच्या मांडीवर बसून मदत करत होती. कोऱ्या पत्त्यांपैकी चार तिने मागून घेतले आहेत. त्यांवर ती सकाळची, दुपारची, संध्याकाळची आणि रात्रीची आजी काढते आहे. दहा चोक चाळीस झाले तर सातजणांना किती वाटायचे, एवढे फक्त कळवावे.


निवृत्त गणित शिक्षक (मिरज)

प्रत्येकी चार, गल्ल्यात बारा. पाचजण असाल तर आता सर्व पत्ते सारखे वाटले जातील, प्रत्येकी आठ.